बाबागाडीची व्याख्या

“तक्रार करावी, अर्ज करावा, फारच झालं तर खिडकीशी उभं राहून भांडावं. पण सरकारी कार्यालयाला सूचना कधी करू नये, नीरजा. सूचना मान्य होऊ शकते.”

तळमजल्यावरचे रंगराव धुमाळ हे बोलले तेव्हा जिन्याखाली आपली स्कूटर पुसत होते. एकतीस वर्षं त्यांनी एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही घरी आलेल्या प्रत्येक पाकिटावर ते मिळाल्याची तारीख टाकत. नीरजाच्या कडेवर तिची लेक अवनी होती, हातात जाडजूड पाकीट होतं आणि डोक्यात शाळेतलं नागरिकशास्त्र. तिने हसून ‘हो काका’ म्हटलं आणि पाकीट द्यायला निघून गेली. पुढच्या दीड वर्षात एक उपविधी जन्माला आला, सदाशिव पेठेतल्या तान्ह्या मुलांना एकाएकी भाव आला, एक म्हातारा कारागीर आपल्या हत्यारांच्या गाडीला मुकला आणि लोक नीरजाला ‘व्याख्यावाल्या मॅडम’ म्हणू लागले. रंगरावांनी यातल्या कशावरही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. ती जिन्यावरून जाताना ते स्कूटर जरा जास्त सावकाश पुसायचे, इतकंच.

मुळात गोष्ट एवढीशी. नीरजा वाचणारी बाई. म्हणजे पुस्तकं नव्हेत. अवनी झाल्यापासून तेवढा वेळ कुठला. पण औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं, लिफ्टमधलं ‘कमाल चार व्यक्ती’ (अवनी व्यक्ती धरायची की नाही, यावर तिने एकदा दोन मजले विचार केला होता), हे सगळं ती नेमाने वाचायची. घरात लहान मूल असलं की बारीक अक्षरांतच काहीतरी लपलेलं असतं, असा तिचा अनुभव होता.

त्याच सवयीने एका सकाळी वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, हरवलेल्या खरेदीखताच्या नोटिशीखाली, तिला एक जाहीर प्रकटन दिसलं. शहरातल्या एका कार्यालयाने पदपथांसाठी नवा उपविधी करायचं ठरवलं होतं. कार्यालयाचं नाव इथे घेत नाही, कारण नीरजाला अजून त्यांच्या दारावरूनच भाजी आणायला जावं लागतं. उपविधी म्हणजे गावापुरता कायदा. मोठे कायदे दिल्ली-मुंबईत होतात आणि आपल्याला टीव्हीवर कळतात. उपविधी आपल्या दाराबाहेर होतो आणि कळतच नाही. आधी मसुदा छापायचा, मग लोकांना हरकती आणि सूचना पाठवायला तीस दिवस द्यायचे, मग सुनावणी, मग सभेची मंजुरी, मग वरून शिक्कामोर्तब. लोक त्या तीस दिवसांत काही पाठवत नाहीत आणि पुढची तीस वर्षं बोलत राहतात, अशी एकंदर पद्धत आहे.

मसुद्याचं चौथं कलम असं होतं: ‘चाके असलेली कोणतीही वस्तू पदपथावर आणू, ओढू, ढकलू अथवा उभी करू नये.’

रोख स्कूटरवाल्यांवर होता, हे कोणालाही कळलं असतं. नीरजालाही कळलं. पण तिला त्याच्या पुढचंही कळलं. बाबागाडीलाही चाकं असतात. तिच्या बाबागाडीला तर चार होती.

ही बाबागाडी नणंदेने बारशाला दिलेली. पट्टा पाच ठिकाणी अडकवायचा, मागे पायाने दाबायचा ब्रेक, आणि एका हाताने घडी. तो ब्रेक नीरजा दर वेळी तीनदा तपासायची; दोनदा स्वतःसाठी आणि एकदा आमोदच्या वाटणीचा, कारण तिचा नवरा तो कधीच तपासायचा नाही. घरापासून बाग चारशे पावलांवर. पण पदपथावर अभ्यासिकेतल्या मुलांच्या दुचाक्या, विजेचा डबा आणि एका क्लासची कायम उभी पाटी. त्यामुळे चारशे पावलांत नऊ वेळा रस्त्यावर उतरायचं आणि नऊ वेळा वर चढायचं. त्यातल्या सहाव्या उतरणीवर एक दिवस मागून आलेल्या स्कूटरने बाबागाडीच्या पुढच्या चाकाला घासलं. अवनी खळखळून हसली. नीरजाला त्यानंतर आठवडाभर झोप लागली नाही.

ते वाकडं झालेलं चाक दादामियाँनी सरळ केलं होतं. दादामियाँ म्हणजे कसबा पेठेतून दर मंगळवारी येणारे सत्तरीपुढचे मिस्त्री. ‘कुकर, मिक्सर, शेगडी’ अशी त्यांची हाक; पण ती इतक्या हळू आवाजात, की कोणाच्या घरातली खाजगी गोष्ट सांगताहेत असं वाटावं. तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जायची. त्यांनी जुन्या कुकरच्या दांड्याचा स्क्रू काढून बाबागाडीच्या चाकाला बसवला, दोनदा फिरवून बघितला आणि पैसे घ्यायला नकार दिला. “मुलाच्या गाडीचे घेत नाही, बेटी,” म्हणाले, आणि आपली हत्यारांची गाडी ढकलत पुढच्या दारी गेले.

तर नीरजाने सूचना लिहिली. तीन पानं, एक फोटो, पदपथाचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर नऊ फुल्या. आमोदने ती वाचून तीन अक्षरी अभिप्राय दिला: “बापरे.” मग म्हणाला, “बाबागाडीला सूट द्या, एवढंच म्हणायचंय ना तुला? मग नकाशात बाग हिरव्या रंगाने का रंगवलीयेस?”

सुनावणीचं बोलावणं यायला चार महिने लागले. कार्यालयाच्या पदपथ सौख्य कक्षाने त्यासाठी एक सभागृह घेतलं होतं. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, तेवढ्यांचा चहा सांगितला होता आणि भिंतीवर फलक होता. हरकतदार मात्र एकच आली होती, मांडीवर मुलगी घेऊन. कक्षाचे तरुण उपअभियंता दिग्विजय जगदाळे यांनी मोकळेपणाने सांगितलं की सगळ्या शहरातून दोनच पाकिटं आली, आणि त्यातलं दुसरं उघडल्यावर लग्नाची पत्रिका निघाली.

“तुम्ही आलात, फार बरं झालं, मॅडम. कोणीच आलं नाही की वरून विचारणा होते.” मग त्यांनी तिला आधी पहिल्या रांगेत, मग मधल्या, मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची विनंती केली आणि प्रत्येक वेळी फोटो काढला. तिसऱ्या फोटोत अवनीला स्वतंत्र खुर्ची मिळाली. नीरजाला हे जरा विचित्र वाटलं. पण आपल्याला कोणी पहिल्यांदाच इतक्या गांभीर्याने बसवतंय, असंही वाटलं, आणि माणूस इथेच फसतो.

चहा झाल्यावर दिग्विजय मुद्द्यावर आले. “बाबागाडीला सूट द्यायला आमची काहीच हरकत नाही. पण बाबागाडी म्हणजे काय, ते लिहावं लागेल.”

“बाबागाडी म्हणजे बाबागाडी.”

“ते झालं हो. उद्या कोणी बाबागाडीत नारळ घालून विकायला उभा राहिला, तर?”

नीरजाने विचार केला. “मग ती बाबागाडी नाही. आत मूल पाहिजे.”

“बाहुली ठेवतील.”

“जिवंत मूल.”

दिग्विजयनी ‘जिवंत’ लिहून घेतलं. “किती वर्षांपर्यंत?”

तिसऱ्या वर्षानंतर मुलाने स्वतःच्या पायांनी चालायला हवं, असं नीरजाने कुठेतरी बारीक अक्षरांत वाचलं होतं. अवनी तेव्हा दोन वर्षांची होती आणि तीन वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट वाटत होती. “तीन पूर्ण होईपर्यंत,” ती म्हणाली.

“आणि रिकामी बाबागाडी?”

इथे नीरजा ‘असू द्या की’ म्हणाली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोर अधिकारी लिहून घेत होता, साठ खुर्च्या ऐकत होत्या, आणि आपण हट्टी आई नसून समंजस नागरिक आहोत हे दाखवायची तिला घाई झाली. “रिकामी कशाला लागते पदपथावर? घडी घालून हातात घ्यावी,” ती म्हणाली. तिच्या बाबागाडीची घडी एका हाताने व्हायची. सगळ्यांच्या तशा होत नाहीत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दिग्विजयनी वाचून दाखवलं: “बाबागाडी म्हणजे हाताने ढकलायचे चार चाकांचे असे साधन, ज्यात तीन वर्षे पूर्ण न झालेले किमान एक जिवंत मूल प्रत्यक्ष बसलेले आहे.”

“बसलेले अथवा निजलेले,” नीरजा म्हणाली.

“वा,” दिग्विजय म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्या रात्री नीरजाने आमोदला ती व्याख्या दोनदा ऐकवली. घरात कायदेमंडळ भरलंय हे कळलं, आता जेवायला काय आहे ते कळलं तर बरं, असं तो म्हणाला. तिने मनावर घेतलं नाही.

मंजुऱ्या मिळता मिळता आणखी सात-आठ महिने गेले. मग उपविधी छापून आला, त्यात चौथ्या कलमाखाली तिचं वाक्य काना-मात्रेसकट आलं, आणि पेठेत बातमी पसरली. नीरजा ठरवूनही आनंद लपवू शकली नाही. मग मात्र जिन्यात लोक तिला अडवू लागले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना कबुतरांविरुद्ध कलम हवं होतं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त प्राध्यापकांना, आपल्या कुंडीतली जास्वंद पहाटे नेणाऱ्यांसाठी निदान दोन उपकलमं हवी होती, आणि त्यांची संशयित व्यक्ती कबुतरवाल्या बाईच होत्या. नीरजा सगळं वहीत लिहून घ्यायची. रंगराव खालून बघायचे.

उपविधी लागू झाला आणि स्कूटर खरंच पदपथावरून गायब झाल्या. पहिले पंधरा दिवस नीरजाने अवनीला चारशे पावलं एकदाही न उतरता नेलं. इतकं सरळ चालायची सवय नसल्याने बाग लवकर यायची आणि तिला जरा चुकल्यासारखं व्हायचं.

मग मुक्ताबाईंनी व्याख्या वाचली.

मुक्ताबाई कोपऱ्यावर फुलं विकायच्या. त्यांच्या हातगाडीला चाकं असल्यामुळे ती बंद झाली होती. त्यांनी नातीला, आठ महिन्यांच्या सोनालीला, कडेवर घेऊन शेजारच्या क्लासमधल्या एका मुलीकडून ते कलम मोठ्याने वाचून घेतलं. म्हणजे वाचलं त्या मुलीने, ऐकलं मुक्ताबाईंनी, आणि उपयोग झाला सोनालीचा. किमान एक जिवंत मूल असलं की झालं. मुलाशिवाय गाडीत आणखी काय नसावं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई जुन्या बाजारातून आणलेली बाबागाडी घेऊन उभ्या होत्या. मधोमध सोनाली, भोवती झेंडू, पायाशी शेवंती आणि वरच्या छत्रीला गजरे. बाळ खूश, गिऱ्हाईक खूश, कायदा खूश.

आठवडाभरात केळीवाल्याने भाची आणली. इडलीवाल्याने मेहुणीचं बाळ आणलं आणि मेहुणीलाही कामाला लावलं. बाबागाड्या वाढत चालल्या आणि मुलं कमी पडू लागली. एक दिवस लिंबू विकणाऱ्या माणसाने जिन्यात नीरजाला अदबीने विचारलं, “मॅडम, तुमची दुपारी काय करते?”

दोन महिन्यांत चारशे पावलांच्या पदपथावर अकरा बाबागाड्या झाल्या. त्यातून बारावी, म्हणजे नीरजाची, पुढे जाईना. ती पुन्हा नऊ वेळा खाली उतरू लागली, आणि खाली आता सगळ्या स्कूटर होत्या. त्यात अवनीला तीन वर्षं पूर्ण होऊन महिना झालेला. म्हणजे व्याख्येप्रमाणे अख्ख्या पदपथावरची एकच बेकायदेशीर बाबागाडी नीरजाची होती. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. अवनीला मात्र गाडीत बसल्यावर गुडघे दुमडून बसायला शिकवलं.

तक्रारी गेल्या असणार, कारण कार्यालयाने बाबागाडी तपासणी मोहीम काढली. पथक यायचं, वाकून बघायचं: मूल आहे का, जिवंत आहे का, तीनच्या आत आहे का. फुलवाली, केळीवाला, इडलीवाला सगळे सुटले, कारण त्यांनी व्याख्या पाठ करूनच गाड्या घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी पथकाला एकच बाबागाडी मुलाविना सापडली. तो मंगळवार होता.

दादामियाँची हत्यारांची गाडी ही बाबागाडी होती. त्यांच्या नातीची, जैनबची. जैनब आता बारावीत होती आणि त्या गाडीत गेली चौदा वर्षं पक्कड, पाने आणि कुकरच्या शिट्ट्या बसत होत्या. नीरजाने ती दर मंगळवारी पाहिली होती. पण ती तिच्या लेखी दादामियाँची गाडी होती, मिस्त्रीची गाडी. तिला बाबागाडी म्हणायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिची घडी होत नसे. कमानीवर दादामियाँनी स्वतः लोखंडी पट्टी बसवली होती.

मुक्ताबाईंनी फाटकात गाठून ती गाडी जप्त झाल्याचं सांगितलं तेव्हा नीरजाने दूध त्यांच्याच हातात दिलं. अवनीला उचलून ती तशीच कार्यालयात गेली.

दादामियाँ बाकावर बसले होते. खिशातून त्यांनी जप्तीची पावती काढून दिली. ‘बाबागाडी एक, मुलाविना. आत लोखंडी सामान, शिट्ट्या नग सोळा.’

“चाचा, मी बोलते त्यांच्याशी. चूक आहे ही.”

“चूक नाही, बेटी. मी दोनदा वाचला कागद. मूल नव्हतंच,” दादामियाँ म्हणाले. ते रागावले असते, ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते पावतीची पहिल्याच घडीवर परत घडी घालत होते.

दिग्विजयना तिला बघून आनंद झाला. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मग हात पसरले. “काय करणार, मॅडम. व्याख्या तुमचीच आहे.” उपाय त्यांच्याकडे होता. गाडी व्याख्येत बसली की लगेच सोडायची, तसं नियमात होतं. “एक मूल आणा, बसवा, सही करा, घेऊन जा.”

नीरजाने अवनीला पुढे केलं. दिग्विजयनी वाकून प्रेमाने नाव विचारलं. आता, अवनी कुठे हरवली तर काय, या धास्तीने नीरजाने तिच्याकडून महिनाभर रोज एक गोष्ट घोकून घेतली होती. ती अवनीने अनोळखी माणसासमोर पहिल्यांदाच, न अडखळता म्हणून दाखवली: “मी अवनी आमोद साने. मला तीन वर्षं पूर्ण झाली. मी सदाशिव पेठेत राहते. आईचा फोन नंबर...”

“हुशार आहे,” दिग्विजय हळहळत म्हणाले.

जैनबला फोन लागला. ती म्हणाली, गाडी माझीच होती, मी येऊन बसते. गाडीची मूळ मालकीण म्हणून तिचा हक्क मोठा होता, पण वय सतरा. मग उरली सोनाली. मुक्ताबाई यायला तयार होत्या. अडचण एवढीच, की सोनालीला उचललं की फुलांची बाबागाडी जप्तीला पात्र. शेवटी सगळे हार, गजरे आणि झेंडूची टोपली रंगरावांच्या स्कूटरला लटकवली. कोणी गिऱ्हाईक आलंच तर असावेत, म्हणून रंगरावांनी मुक्ताबाईंना गजऱ्याचे भाव विचारून घेतले आणि तारखेसकट लिहून ठेवले.

कार्यालयात पोहोचेपर्यंत सोनाली झोपली होती. तिला पक्कड आणि पाने बाजूला सारून कुकरच्या रबरी गास्केटच्या ढिगावर दुपट्यात ठेवलं. दिग्विजयनी कलम काढलं आणि बोट ठेवून वाचलं. “बसलेले अथवा निजलेले. बसतंय व्याख्येत.” त्यांनी नीरजाकडे कौतुकाने बघितलं. तिला मात्र त्या शब्दाची आता शरम वाटत होती.

रस्त्यात मूल उतरलं तर पुन्हा जप्ती, म्हणून सगळे गाडीबरोबर कसबा पेठेपर्यंत चालत गेले. पुढे दादामियाँ गाडी ढकलताहेत, एकीकडे मुक्ताबाई, दुसरीकडे नीरजा, तिच्या बोटाला अवनी. मधून शिट्ट्या किणकिणत होत्या. वाटेत दोघांनी बाळाचं नाव काय ठेवलं म्हणून विचारलं. एका बाईने तर जाता जाता सोनालीच्या मुठीत नोट कोंबली.

घरी पोहोचल्यावर दादामियाँनी सोनालीला उचलून मुक्ताबाईंच्या हातात दिलं. फडक्याने गाडीची कमान पुसली आणि ती दाराआड सरकवली.

“आता ही इथेच राहील,” ते म्हणाले. “पोटासाठी कोणाचं मूल मागायचं, हे मला नाही जमणार.”

“मग हत्यारं?”

“खांद्यावर. बाप नेत होता तशी.”

ती पिशवी अकरा किलोची झाली. नीरजाला कळलं, कारण अवनीची पिशवी असो की कोणाची, वजन केल्याशिवाय तिला राहवत नाही, आणि दादामियाँच्या घरात काटा होता. अकरा किलो, त्र्याहत्तर वर्षांचा खांदा, आणि मधे आपलं एक वाक्य. त्या रात्री ती पुन्हा लिहायला बसली. व्याख्येत दुरुस्ती सुचवणारी पाच पानं. ‘मूल अथवा उपजीविकेची हत्यारे’ असा शब्दप्रयोग तिला सुचला होता. सकाळी ती पाकीट घेऊन जिना उतरली, तर रंगरावांनी फडकं खाली ठेवलं. स्कूटरला अजून झेंडूचा वास येत होता.

“दुरुस्ती म्हणजे पुन्हा सूचनाच ना गं,” ते म्हणाले. “हीही मान्य होईल. मग सगळे फेरीवाले गाडीत एकेक हातोडा ठेवतील.”

“मग करू काय, काका?”

“प्रश्न विचार. सूचना केली की निर्णय होतो. प्रश्न विचारला की मार्गदर्शन मागवतात.”

त्यांनी तिच्याकडून कागद घेतला आणि एकतीस वर्षांच्या ठाम हस्ताक्षरात एकच वाक्य लिहिलं: ‘पदपथावरून नेत असलेल्या बाबागाडीतील मूल स्वतःहून उतरून चालू लागल्यास ती बाबागाडी त्या क्षणापासून जप्तीस पात्र होते, की मूल पुन्हा बसेपर्यंत थांबावे, व थांबावे तर किती वेळ, याचा खुलासा व्हावा ही विनंती.’

दिग्विजयनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नीरजा सांगते की खाली पदपथावर तेव्हाच कोणाचं तरी मूल बाबागाडीतून उतरून पळत होतं. ते खरं असेल किंवा नसेल. प्रश्न विधी विभागाकडे गेला. विधी विभागाने विचारलं, मुलाचा उतरण्याचा हेतू कायमचा आहे की तात्पुरता, हे ठरवणार कोण. तिथून फाइल वर गेली. वरून अजून काही आलेलं नाही, आणि येईल असं कोणालाही वाटत नाही. मार्गदर्शन येईपर्यंत कोणतीच बाबागाडी अडवायची नाही, असं कक्षात ठरलं. तोंडी.

झालं. मोहीम थांबली. हळूहळू हातगाड्या परत आल्या, बाळं घरी गेली, मागोमाग स्कूटरही आल्या. नीरजाची बाबागाडी माळ्यावर गेली, आणि अवनी आता नऊ वेळा उतरते ती आईचं बोट धरून.

मोहीम थांबली त्याच संध्याकाळी नीरजा कसबा पेठेत धावत गेली होती. दादामियाँनी बसायला दिलं, जैनबने चहा केला. नीरजाने सगळं सांगितलं: फाइल अडकलीय, आता कोणी धरत नाही, गाडी काढा. दादामियाँनी शांतपणे ऐकलं आणि हात पुढे केला.

“कागद दाखव, बेटी.”

कागद नव्हता. कसा असणार? न करायच्या कारवाईचा आदेश कोण काढणार, आणि त्यावर सही कोण करणार? तिने तसं समजावून सांगायचा प्रयत्न केला.

“धरल्याचा कागद होता,” दादामियाँ म्हणाले. “सोडल्याचाही होता. आणि आता चालेल म्हणतेस, त्याचा नाही?”

ते हसले. तिला वाईट वाटू नये म्हणून हसले, हे तिला कळलं आणि जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून ते सदाशिव पेठेत आलेले नाहीत. जैनब सांगते की मंगळवारी सकाळी नऊला पिशवी घेऊन निघतात, पण दुसरीकडे जातात. मॅडमनी खांद्यावरचं ओझं बघू नये म्हणून. गाडी काढा असं तीही रोज सांगते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: ती मुलगी मनाने चांगली आहे, पण तिचं ऐकून कायदे होतात.

म्हणून नीरजाचं तुमच्याकडे एक काम आहे. सूचना करणं तिने सोडलंय. ही विनंती समजा. तिच्या शब्दाला दादामियाँपाशी किंमत उरलेली नाही, आणि तुम्ही परके आहात, म्हणून तुमचं कदाचित ऐकतील. मंगळवारी सकाळी शनिवार पेठेच्या बाजूला किंवा नदीकडे उतरणाऱ्या एखाद्या गल्लीत तुम्हाला ‘कुकर, मिक्सर, शेगडी’ अशी हळू हाक ऐकू आली, तर खिडकीतून नुसतं बघू नका, खाली या. पिशवी कोणत्या खांद्यावर आहे ते बघा. डाव्या असेल तर ठीक. उजवा त्यांचा दुखरा आहे. चेहरा घामेजलेला वाटला तर पाणी द्या, आणि पदपथावर हल्ली कोणाचीच बाबागाडी धरत नाहीत, हे सहज बोलता बोलता सांगा. पण नुसतं ‘बसा’ म्हटलं तर ते बसायचे नाहीत. घरातला एखादा कुकर घेऊन या, बिघडलेला नसला तरी चालेल. काम समोर आलं की ते पिशवी खाली ठेवतात.

आणि ठेवली की नाही, तेवढं नीरजाला कळवा.